बुडालेल्या खलाशाचा सत्कार

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाला सत्काराची भारी हौस. कोणी मॅरेथॉन पळून आलं की सत्कार, कोणाची मुलगी तबल्याची परीक्षा पास झाली की सत्कार, कोणी वीस वर्षं एकाच कंपनीत टिकलं तरी सत्कार. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून आम्ही एकमेकांना शाली पांघरतो आणि घामेजलेल्या मानेनं फोटो काढून घेतो. पुण्यात असताना मी असल्या समारंभांची मनसोक्त टर उडवायचे. इथे आल्यावर त्यातला एक समारंभ मी स्वतः घडवून आणला, आणि त्यावरून मला स्वतःची जेवढी चीड येते तेवढी आजवर दुसऱ्या कोणाची आलेली नाही.

त्या दिवशीचे सत्कारमूर्ती मराठी नव्हते, भारतीयही नव्हते. बुकित बातोक या उपनगरात आम्ही राहतो त्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली, एक इंग्रज म्हातारा राहतो. वय ब्याऐंशी. साठेक वर्षांपूर्वी तो इथे एका मालवाहू जहाजावरून पळाला आणि परत गेलाच नाही. पूर्वी मी त्याच्याबद्दल 'ते अंकल' असं अदबीनं बोलायचे. आता लिहिताना ते जमत नाही.

पहिले काही महिने मी त्याला वेडसर समजत होते. चौकड्याची लुंगी, बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक, पायात रबरी सपाता. खालच्या कॉफीवालीशी तो होक्कियन या चिनी बोलीत भांडायचा आणि झाडूवाल्याशी मलायमध्ये गप्पा हाणायचा. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाला, "मिसी, काल तुमच्याकडे काय भाजत होतं? वासानं माझं जेवणात लक्ष लागेना." थालीपीठ होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन नेऊन दिली. त्यानं दारातच तुकडा मोडला, उजव्या हातानं, बोटांची पेरंसुद्धा न माखता, आणि डोळे मिटून खाल्ला. झालं. माणूस आवडायला मला एवढं निमित्त पुरतं.

माझं सांगायचं तर पुण्यात मी एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत काम करायचे. नवऱ्याला इथली नोकरी लागली, तो एम्प्लॉयमेंट पासवर आला आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे त्याची बायको एवढ्याच नात्यानं. त्याला चौदा वर्षं झाली. लिहायची खाज काही गेली नाही. ती भागवायला मंडळाचा दिवाळी अंक होता आणि मी त्याची संपादक होते. दरवर्षी तेच यायचं: सहा पाककृती, युरोपच्या सहलीची दोन वर्णनं, मुलांनी काढलेले किल्ले, आणि 'मी आणि माझी मायमराठी' या विषयावर ज्यांना मायमराठीत चार ओळी धड लिहिता येत नाहीत अशांचे लेख. त्यात हा म्हातारा सापडला. मला घबाड मिळाल्यासारखं झालं.

दुपारी दोन ते चार, कॉफीवालीच्या टेबलाशी आमची बैठक सुरू झाली. मी वही घेऊन जायचे. तो साखर न घातलेली काळी कॉफी प्यायचा आणि सांगायचा.

एकविसाव्या वर्षी तो जहाजाच्या इंजिनखान्यात तेलपाण्याच्या कामाला होता. मुख्य इंजिनियर मारकुटा, पान्हा फेकून मारायचा. जहाज इथे बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि भाजीपाला घेऊन छोट्या होड्या येत-जात होत्या. एका पहाटे त्यानं जहाजाच्या मागच्या कठड्यापाशी आपले बूट काढले, जोडीनं नीट मांडले, त्यांच्यावर टोपी ठेवली, आणि दोराला धरून परत जाणाऱ्या एका होडीत उतरला. होडीवाल्या चिन्यानं त्याला कोबीच्या रिकाम्या टोपल्यांखाली झाकलं. जहाजावरच्यांनी बूट बघितले आणि समजले, पोरगं समुद्रात पडलं. कोणी शोधलंच नाही. इंग्रजांचा अंमल तेव्हा अजून पुरता गेला नव्हता, त्यामुळे गोऱ्या माणसाला रस्त्यात कोणी कागद विचारत नसे.

पुढचं ऐकताना तर मी कॉफी गार करायचे. त्याच होडीवाल्याकडे राहून तो समोरच्या इंडोनेशियाच्या बेटांवर मालाची चोरटी ने-आण करायला लागला. एकदा इंजिन बंद पडलं आणि चार दिवस होडी नुसती वाहत राहिली. ताडपत्रीत साठलेलं पावसाचं पाणी प्यायचं आणि वाळलेले मासे चघळायचे. एका बेटावर पकडला गेला, तिथे चाळीस दिवस कोठडीत. तिथल्या अधिकाऱ्याचा जनरेटर यानं दुरुस्त करून दिला, दिवे लागले, तेव्हा अधिकाऱ्यानं त्याला जेवू घातलं आणि होडीत बसवून सोडून दिलं. पुढे तो इथल्या जहाजांच्या एका यार्डात इंजिनं दुरुस्त करायला लागला, नूडल्सची गाडी चालवणाऱ्या एका चिनी बाईशी लग्न केलं, तिच्यामुळे कागदपत्रं झाली, घर मिळालं. मूलबाळ नाही. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली.

मी घरी येऊन हे सगळं रंगवून सांगायचे. नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता "हं, भारी आहे" म्हणायचा. लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती एकदा इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, ही जस्ट रॅन अवे लाह. व्हॉट्स सो ग्रेट?" मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं. पोरीला एका वाक्यात कळलं होतं ते मला वह्या भरून कळलं नाही.

खरं तर कळलं होतं, आणि तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

तिसरी वही संपत आली होती. त्या दुपारी त्यानं कॉफी बाजूला सारली. मग मी न विचारताच म्हणाला, "पान्हा फेकून मारायचा ते खरं नाही. चांगला माणूस होता तो."

"मग पळालात कशाला?"

त्यानं सांगितलं. घरी त्याची बायको होती, वीस वर्षांची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जहाज कोलंबोला लागलं तेव्हा टपाल आलं. तिनं लिहिलं होतं, पाचवा महिना आहे. त्यानं ते पत्र वाचलं, फाडलं आणि बंदरातल्या पाण्यात टाकलं. आठवड्याभरानं जहाज इथे आलं आणि त्यानं बूट काढले.

"भीती वाटली का?" मी विचारलं. मला अजून त्याच्यासाठी काहीतरी बरं कारण हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला बाप व्हायचं नव्हतं. एवढंच आहे ते, मिसी. त्यात दुसरं काही नाही."

मग त्यानं एक अट घातली. लिही हवं ते, पण नाव नको, फोटो नको. "तिकडे मी बुडालोय. मला बुडालेलाच राहू दे." मी वचन दिलं. अगदी हातावर हात ठेवून दिलं.

दिवाळी अंकात माझा लेख अकरा पानांचा झाला. 'सात समुद्रांपलीकडचा शेजारी' असं त्याला नाव दिलं. त्यात मारकुटा इंजिनियर होता, कोबीच्या टोपल्या होत्या, चार दिवस वाहणारी होडी होती, जनरेटर होता, नूडल्सवाली बाई तर इतकी गोड उतरली होती की दोन वाचकांनी फोनवर रडून दाखवलं. कोलंबो नव्हतं. ते पत्र नव्हतं आणि ती वीस वर्षांची बाई नव्हती. ती मी कापून टाकली. पानं कमी होती म्हणून कापली असं नाही. जागा तर इतकी उरली होती की आम्ही रांगोळीचा फोटो टाकला.

का कापली, याची बरीच कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. दिवाळीचा अंक आहे, घरातले सगळे वाचतात, त्यात असलं नको. म्हाताऱ्या माणसाची लाज कशाला काढा. त्यानं विश्वासानं सांगितलं ते कशाला छापा. सगळी कारणं सभ्य होती आणि सगळी खोटी होती. मला तो शूर हवा होता. इथे आम्ही सगळे काही ना काही मागे टाकून आलेलो आहोत. कोणी आईवडील, कोणी नोकरी, कोणी धाकटी बहीण जिच्या गळ्यात आता दोन्ही म्हातारे आहेत. त्या आम्हा सगळ्यांना वाचायला हवा होता तो पळून जाण्यातला पराक्रम. मागे जी राहते तिची गोष्ट आम्हाला सणासुदीला कोण वाचून दाखवणार होतं?

लेख गाजला. अध्यक्षांचा फोन आला.

"वहिनी, काय लिहिलंय! आपण त्यांचा सत्कार करायचा. संक्रांतीच्या कार्यक्रमात."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विचारून बघते."

म्हातारा नाही म्हणाला. मी पुन्हा गेले. आमचेच लोक असतात हो, म्हटलं, शंभर-सव्वाशे, कोणी बाहेरचं नाही, नाव नाही सांगणार, जेवण चांगलं असतं. तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, "टाळ्या वाजवतात का?" मी म्हटलं, हो, वाजवतात. "माझ्यासाठी?" हो, तुमच्यासाठी. त्यावर तो हो म्हणाला.

आता सत्कार म्हटला की परिचय आला. शाल, श्रीफळ, मानचिन्ह यांतलं काही राहिलं तर एकवेळ चालेल, पण परिचय वाचल्याशिवाय आमच्याकडे सत्कार होत नाही, आणि परिचयाची सुरुवात गावापासूनच होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा पुन्हा फोन.

"वहिनी, नाव नको तर नको, 'आपले लाडके अंकल' म्हणू. पण गाव?"

"गाव कशाला?"

"अहो, गावाशिवाय परिचय कसा वाचायचा? माणूस काय आकाशातून पडला? मूळ गाव सांगा, जहाजाचं नाव सांगा. इंग्लिशमध्येही वाचायचंय, त्यांना कळायला हवं ना."

त्यावर मी हसले आणि वही उघडून गाव सांगितलं, जहाजाचं नाव सांगितलं. गाव सांगितल्यानं काय बिघडतं? आम्ही ज्याला त्याला पहिल्या भेटीत गाव विचारणारी माणसं. सांगली म्हटलं की सांगलीत कुठे, खणभाग का विश्रामबाग, इथपर्यंत जातो आणि मग ओळखीचं कोणीतरी निघालं की सुखावतो. गाव कळलं की माणूस सापडतो, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि तरी ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

कार्यक्रम सेरंगूनकडच्या एका सभागृहात झाला. म्हातारा दाढी करून, पांढरा शर्ट घालून आला होता. पायात नवे कोरे बूट होते, ते लागत असावेत, कारण तो जपून चालत होता. परिचय मी लिहिलेला, वाचला एका तरुण मुलीनं, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. गाव आलं, जहाज आलं, आणि मग माझं आवडतं वाक्य आलं, बूट जोडीनं मांडून त्यावर टोपी ठेवल्याचं. सभागृह खदखदून हसलं. मागच्या रांगेतून कोणीतरी "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलं. अध्यक्षांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि सव्वाशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. म्हातारा नारळ छातीशी धरून रडला. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी फार भरून आलं होतं.

व्हिडिओ संध्याकाळी मंडळाच्या पानावर चढला, त्याच्याबरोबर माझ्या लेखाची प्रतही. फोटो नको या अटीचं काय झालं, असं कोणी मला विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

चार महिन्यांनी मंडळाच्या पत्त्यावर एक ईमेल आली आणि अध्यक्षांनी ती माझ्याकडे ढकलली. इंग्लंडहून एका बाईनं लिहिली होती. तिच्या गावच्या जुन्या खलाशांबद्दल माहिती जमवणाऱ्या कोणीतरी गावाचं आणि जहाजाचं नाव टाकून शोधताना हा व्हिडिओ बघितला आणि तिला पाठवला. ईमेल चार ओळींची होती. 'तुमच्या पाहुण्यांना कृपया विचारा: ते बूट तपकिरी होते का, आणि डाव्या बुटाला काळी नाडी होती का? कंपनीनं ते आमच्याकडे पाठवले होते. माझी आई ते बूट दर रविवारी पुसायची.'

मी ती ईमेल वाचून ओट्याशी किती वेळ उभी होते कोण जाणे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचा लगदा झाला.

त्याला सांगायला गेले. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तू गाव सांगितलंस?"

"हो."

"मी सांगू नको म्हटलं होतं."

"तुम्ही नाव सांगू नको म्हटलं होतं. गावाचं काही बोलला नव्हता."

हे मी बोलले. वकिलासारखं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं अख्खं घर त्याच्या डोक्यावर पाडून वर मी शब्दांचा काथ्याकूट केला. आत जाऊन त्यानं पंखा लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

ती बाई जूनमध्ये आली. मी तिला घ्यायला बुकित बातोकच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनवर गेले. साठीची, ठेंगणी, आखूड केसांची, खांद्याला मोठी पिशवी. शाळेची बस चालवायची, नुकतीच निवृत्त झाली होती. मी तिला आधी वर आमच्या घरी नेलं. चहा केला, पोहे केले. घरी आलेल्याला खायला घातलं की अर्धा गुन्हा माफ होतो, अशी आमची समजूत असते. तिनं पोहे नीट संपवले, बशी स्वतः उचलून ठेवली, आणि मग फोन बाहेर काढला. माझा लेख तिनं फोनमधून इंग्रजीत करून वाचला होता.

"भाषांतर वेडंवाकडं आहे," ती म्हणाली. "पण मी तीन वेळा वाचलं. अकरा पानं आहेत. माझी आई कुठे आहे यात?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. रस्ता विचारावा तसं तिनं विचारलं.

आता माझ्यासमोर वही होती, म्हणजे खरंच समोर होती, पुस्तकांच्या फळीवर. तिसरी वही. कोलंबोचं पान मी उघडून दाखवू शकले असते.

"ते त्यांच्याबद्दल कधी बोललेच नाहीत," मी म्हटलं.

ती मान हलवून 'बरं' म्हणाली. मग तिनं सांगितलं की आई मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं होती. दुसरं लग्न केलं नाही. दोघातिघांनी विचारलं होतं, पण ती म्हणायची, बुडालेल्या माणसाचं प्रेत मिळालेलं नाही, उद्या आला तर? दोन वर्षांपूर्वी ती गेली. "बरं झालं, आधी गेली," ती म्हणाली. "तुमचा तो व्हिडिओ तिनं बघितला असता. लोक हसताना."

त्यानं सकाळी अकराला भेटायचं कबूल केलं होतं, कॉफीवालीकडे. आला नाही. बाराला मी त्याच्या दाराशी गेले. लाकडी दार उघडं होतं, पण बाहेरच्या लोखंडी जाळीच्या गेटला आतून कुलूप. आत तो खुर्चीवर बसला होता, तोच पांढरा शर्ट घालून. "थोड्या वेळानं," म्हणाला. एकला गेले, तेच. दोनला, तेच. तीन वाजता ती म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर," आणि आम्ही दोघी खाली गेलो.

त्यानं तिला बघितलं. उठला, गेटपाशी आला, पण कुलूप काढलं नाही. दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभी. हनुवटी एकच होती, अगदी मधल्या खळीसकट. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, पोरी म्हणेल, निदान रडेल. त्यानं घसा खाकरला आणि सुरू केलं.

"तेव्हा भाजीच्या होड्या यायच्या जहाजापाशी. कोबीच्या टोपल्या असायच्या..."

तो तिला तीच गोष्ट सांगत होता. त्याच शब्दांत, मधे त्याच ठिकाणी थांबून, हसायच्या जागा ठेवून. चार दिवस वाहणारी होडी आली, ताडपत्री आली. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच बहुतेक. आणि त्या गोष्टीला घोटून घोटून गुळगुळीत कोणी केलं होतं? दुपारी दोन ते चार, वर्षभर, मी. इथे जरा थांबा अंकल, हे परत सांगा अंकल, असं म्हणून म्हणून.

तिनं त्याला जनरेटरपर्यंत येऊ दिलं. मग हात वर केला.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही जहाज सोडलं तेव्हा मी होणार आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

कॉरिडॉरमध्ये कोणीतरी कपडे वाळत घातले होते. पलीकडच्या घरात टीव्ही चालू होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आलो असतो."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही वर्षभर यांच्याशी बोललात. तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी तिला दोष देत नाही, त्यालाही देत नाही. तिथे जबरदस्ती कोणी केली नव्हती. मला वाटलं, साठ वर्षांची बाई इतक्या लांबून आली आहे, तिला जाताना एवढं तरी नेऊ दे. मला असंही वाटलं की मी मघाशी वर तिला जे सांगितलं ते आता मोडता येणार नाही. दोन्ही वाटलं, आणि कोणतं आधी वाटलं ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"हेच," मी म्हटलं. "हेच सांगितलं होतं."

तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"कोलंबोहून त्यांचं पत्र आलं होतं आईला," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "लहानसंच. मला पाठ आहे. बातमी वाचून फार आनंद झाला, काळजी घे, मुलगा झाला तर तुला आवडेल ते नाव ठेव, मुलगी झाली तर माझ्या आवडीचं. आणि खाली एक नाव लिहिलं होतं. तेच माझं नाव आहे."

मला हे माहीत नव्हतं. पत्र फाडलं, पाण्यात टाकलं, एवढंच त्यानं मला सांगितलं होतं. उत्तर लिहून, तिकीट लावून, पेटीत टाकून मग तो पळाला होता हे त्यानं माझ्यापासूनही लपवलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं जाळी दोन्ही हातांनी धरली होती आणि तो जमिनीकडे बघत होता.

"हे खोटं बोलतील असं मला वाटलंच होतं," ती मला म्हणाली. "यांना लपायचं होतं, आयुष्यभर तेच केलं. पण तुम्ही? तुम्हाला काय गरज होती?"

अकरा पानं लिहिणाऱ्या मला एक वाक्य सापडलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली, खरंच बघितली, आणि मग ती लिफ्टकडे गेली. लिफ्ट यायला उशीर लागला. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, एकदाही वळली नाही. दार उघडलं, ती आत गेली, दार मिटलं.

मग त्यानं खिशातून किल्ली काढली. पोटच्या पोरीसाठी सकाळपासून न उघडलेलं गेट त्यानं उघडलं आणि माझ्यासाठी बाजूला सरकवलं.

"गुड गर्ल," तो म्हणाला. "ये आत. चहा टाकतो."

आणि मी आत गेले.